दर अकरा मिनिटांनी

"ह्यात काय बघायचं असतं रे?" आईने विचारलं.

आम्ही दोघं एका प्रचंड निळ्या चित्रासमोर उभे होतो. चित्र म्हणजे भिंतभर नुसता निळा रंग. ना झाड, ना माणूस, ना देव. खाली कोपऱ्यात तेवढी चित्रकाराची सही.

"निळा रंग बघायचा," मी म्हटलं.

आई पुढे झाली, मागे आली, मान तिरकी केली. तिचे दोन्ही मोतीबिंदू नुकतेच मिरजेत काढून झाले होते, आणि तेव्हापासून ती प्रत्येक गोष्टीकडे निरखून बघायची. भाजीवाल्याकडची वांगीसुद्धा.

"निळा आहे खरा," ती म्हणाली. "ऑपरेशनच्या आधी आले असते तर मला हा राखाडी दिसला असता. त्या बिचाऱ्याची मेहनत वाया."

स्टुलावर बसलेली पहारेकरीण तोंडाला पदर लावून हसली. सुर्वे म्हणून होती, चाळिशीची, रत्नागिरीकडची. आईने पाच मिनिटांत तिची सगळी माहिती काढली होती.

ही गोष्ट २००६ च्या मे महिन्यातली. मुलुंडला मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं, ते शनिवारी उरकलं. आमची परतीची गाडी रविवारी रात्रीची होती. दिवसभर काय करायचं म्हणून मी आईला गेटवे दाखवायला आणलं. पण ऊन असं होतं की समुद्राकडे बघवेना. तेवढ्यात आईला आधुनिक कलेच्या संग्रहालयाची पाटी दिसली आणि पाटीपेक्षाही दारातून बाहेर येणारा गारवा जाणवला. "इथे जाऊ," ती म्हणाली. "चित्रं असली तर असू देत."

मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो, मिरजेत एसटीच्या वर्कशॉपात कारकून. घरात मी, बायको, मुलगी आणि आई. वडील जाऊन सतरा-अठरा वर्षं झाली होती. त्यांच्या फोटोशेजारी आणखी एक फोटो होता, माझ्या थोरल्या भावाचा. मनोहर, आमचा मनूदादा. सत्त्याऐंशी सालच्या ऑगस्टात तो कृष्णेत बुडून गेला, तेव्हा तेवीस वर्षांचा होता.

त्याचं कारण मिरजेतल्या आमच्या गल्लीला माहीत होतं. मनूदादाने डिप्लोमा अर्धवट सोडला, वडिलांनी भर अंगणात त्याच्या कानाखाली आवाज काढला आणि म्हणाले, "जा, कृष्णेत जाऊन जीव दे एकदाचा." वडील, आमचे अण्णा, दवाखान्यात कंपाउंडर होते. मऊ स्वभावाचा माणूस, जन्मात कुणाला वाकडं बोलला नव्हता. पण ते एक वाक्य बोलले, आणि मनूदादा पायात चपला घालून जो गेला तो गेलाच. नऊ दिवसांनी पुलाच्या खालच्या अंगाला प्रेत सापडलं. वडील जागचे हलेनात. मग बापूमामा आणि मी जाऊन ओळख पटवून आलो. अग्नी मीच दिला. त्यानंतर वडील सोळा महिने जगले. त्यांना कुठलाही रोग नव्हता. उंबऱ्यावर बसायचे, जेवायला हाक मारली की उठायचे, दोन घास खाऊन पुन्हा उंबऱ्यावर. अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात एका सकाळी उठलेच नाहीत.

आईने ह्या दोन्ही गोष्टी कशा सोसल्या हे मला माहीत नाही. ती बोलत नसे. वर्षातून एकदा मनूदादाच्या तिथीला पान वाढायची, कावळ्याची वाट बघायची. बस.

तर त्या संग्रहालयात आम्ही जिना चढत चढत वर गेलो. प्रत्येक मजल्यावर आईची शेरेबाजी चालू होती. एका ठिकाणी गंजलेल्या सळया एकमेकींत गुंतवून ठेवल्या होत्या. "हे उचलायला कुणी आलं नाही वाटतं," ती म्हणाली. एका म्हाताऱ्या बाईच्या चित्रापुढे मात्र बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "हिचे गुडघे दुखतायत." चित्रात गुडघे दिसतही नव्हते.

तिसऱ्या मजल्यावर तिचेच गुडघे बोलायला लागले. तिथे एका खोलीला काळा पडदा लावला होता आणि आतून ठण्ण ठण्ण असा लोखंडावर घण मारल्यासारखा आवाज येत होता. दाराबाहेर बाक होता. आई बसली. सुर्वेबाई आमच्या मागोमाग वर आल्या होत्या, ह्या मजल्यावरचीही जबाबदारी दुपारी त्यांच्याकडेच असायची.

"आत काय आहे?" आईने त्यांना विचारलं.

"पिक्चर आहे, आजी. पण गाणी-बिणी नाहीत."

"तू बघून ये," आई मला म्हणाली. "चांगलं असलं तर मला बोलव."

मी पडदा सारून आत गेलो. आत दोन बाकडी आणि समोर भिंतीएवढा पडदा. कुणीही नव्हतं. कृष्णधवल चित्रफीत चालू होती. मागे अर्धं कापलेलं जहाज, त्याच्या फासळ्या उघड्या पडलेल्या. पुढे एक फाटक. काम संपवून निघालेले मजूर एकेक करून फाटकातून येत होते, कॅमेऱ्यासमोर पाच-सहा सेकंद उभे राहत होते आणि बाजूला निघून जात होते. कुणी केस सारखे करत होता, कुणी हसत होता. एका म्हाताऱ्याने हात जोडले. घणाचा आवाज तेवढा सारखा चालू होता.

मला ते आवडलं. साधी माणसं होती. मी बाकड्यावर टेकलो. तीसेक माणसं येऊन गेली असतील.

मग मनूदादा आला.

दाढी वाढलेली. गाल बसलेले. शर्टाची एक बाही दंडापासून फाटलेली, हातात डब्याची पिशवी. तो आला, उभा राहिला, डाव्या भुवईवरून अंगठा फिरवला. लहानपणी सायकलवरून पडून ती भुवई मधोमध चिरली होती, आणि ओशाळला की तो तिथे हात न्यायचा. त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. शब्द ऐकू येत नव्हते. मग तो डावीकडे वळून निघून गेला, आणि त्याच्या जागी दुसरा कुणी आला.

आणखी दोन-तीन माणसं आली, पडदा पांढरा झाला, आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू झालं. जहाज. फाटक. केस सारखे करणारा. हात जोडणारा म्हातारा. मी वाट बघत राहिलो. मनूदादा पुन्हा आला. भुवईवर अंगठा फिरवला, काहीतरी म्हणाला, गेला.

मी बाहेरच्या भिंतीवरची पाटी वाचायला उठलो. मराठीतही लिहिलेलं होतं. 'पाळी सुटताना. कृष्णधवल चित्रफीत, अकरा मिनिटे. जहाजतोडणी, दारूखाना, मुंबई. फेब्रुवारी १९८९.'

एकोणनव्वदचा फेब्रुवारी. आम्ही त्याला जाळून दीड वर्ष झालं होतं. वडिलांना जाऊन दोन महिने.

"काय रे, एवढा वेळ?" आई बाकावरून म्हणाली. "चांगला आहे का पिक्चर?"

"नाही," मी म्हटलं. "काही नाही त्यात. मजूर चालत जातात नुसते. चल, खाली जाऊ, चहा घेऊ."

"तुझा चेहरा असा का झालाय?"

"आत कोंदट आहे. चल."

मी तिचा दंड धरला तो जरा जोरातच धरला असणार. कारण तिने माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आईला फसवणं कुणाला जमलं नाही. मला फक्त एकदाच जमलं होतं.

सुर्वेबाई मध्येच म्हणाल्या, "कोंदट कुठलं दादा, उलट तिथेच एसी चांगला लागतो. आजी, जाऊन बसा. अंधार आहे, डोळ्यांना पण बरं वाटेल." आणि त्यांनी पडदा बाजूला धरला.

आई आत गेली. मी तिच्या मागे.

आम्ही पुढच्या बाकड्यावर बसलो. केस सारखे करणारा येऊन गेला. "हा आपल्या गल्लीतल्या चंदूसारखा दिसतो," आई म्हणाली. म्हातारा येऊन हात जोडून गेला, तर आईनेही नकळत हात जोडले. मी माणसं मोजत होतो. मला वाटत होतं, वीज जावी. मशीन बंद पडावं. तिला डुलकी लागावी.

मनूदादा आला.

आई हललीसुद्धा नाही. तो गेला, मागची माणसं आली आणि गेली, पडदा पांढरा झाला. त्या उजेडात मी तिच्याकडे बघितलं. तिच्या मांडीवर पर्स होती आणि ती तिची चेन उघडत होती, लावत होती, उघडत होती, लावत होती.

दुसऱ्या वेळी तो आला तेव्हा ती उठून पुढे गेली. पडद्याच्या इतकी जवळ, की तिची सावली त्याच्या छातीवर पडली. तिने हात वर केला, पण त्याच्या गालाला लावला नाही, थोडा अलीकडेच ठेवला. सुर्वेबाई दारातल्या पडद्याआडून बघत होत्या. हात लावू नका असं सांगायला म्हणून पुढे आल्या असतील. पण तिथेच थांबल्या.

"'झालं?' म्हणतोय तो," आई पाठमोरीच म्हणाली. "फोटो काढताना नेहमी असंच विचारायचा. झालं?"

मला इतकी वर्षं आठवलं नव्हतं. पण खरं होतं. शाळेच्या फोटोत, मुंजीच्या फोटोत, सगळीकडे त्याचं तोंड उघडंच होतं.

ती परत येऊन माझ्याशेजारी बसली.

"कधीचं आहे हे?"

इथे मी खोटं बोलू शकलो असतो. पंच्याऐंशी सालचं आहे, असं म्हटलं असतं. तेव्हा तो न सांगता मुंबईला कामाला येऊन गेला असेल, असं काहीतरी जुळवता आलं असतं. बाहेरची पाटी तिने वाचली नव्हती. नाहीतर म्हणालो असतो, की आई, तुझे डोळे अजून सरावले नाहीत, हा दुसराच कुणी आहे. तिने ऐकूनही घेतलं असतं कदाचित. मी तोंड उघडलं तेव्हासुद्धा काय बाहेर येणार आहे हे मला माहीत नव्हतं.

"एकोणनव्वद," मी म्हटलं. "फेब्रुवारी."

आई बोटांवर मोजत नव्हती, पण मोजत होती हे कळत होतं.

"म्हणजे हे गेले तेव्हा तो होता."

"हो."

"मग तू त्या दिवशी काय बघून आलास?"

घणाचे ठोके पडत होते. मी एकोणीस वर्षांचा असताना जे बघितलं होतं ते त्यानंतर कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. बापूमामा तर वारलाही होता. मी खाली बघत सांगितलं.

"तोंड ओळखता येत नव्हतं. पाण्याने काहीच राहिलं नव्हतं. उंची तेवढीच होती. बांधा तसाच. हवालदार म्हणाला, 'आहे का नाही, काय ते सांगा.' मामा तोंडावर रुमाल धरून उभा होता. म्हणाला, 'शशी, तूच बघ, मला बघवत नाही.' मी पायांकडे बघितलं. डाव्या पायाला करंगळी नव्हती."

आईने मान वळवली.

"मामा म्हणाला, माशांनी खाल्ली असेल. पण तसं नव्हतं. जखम जुनी होती. कातडी भरून आली होती, गुळगुळीत. लहानपणीच तुटलेलं बोट होतं ते. मनूदादाची पाचही बोटं शाबूत होती. मला माहीत होतं. तरी मी म्हटलं, होय, हाच माझा भाऊ."

"का?"

"तू रोज नदीच्या काठाने अंकलीपर्यंत चालत जात होतीस. अण्णा पाणीसुद्धा घेत नव्हते. घरात चूल पेटत नव्हती. मला ते संपायला हवं होतं, आई. कसंही करून संपायला हवं होतं. आणि मला त्याचा राग आला होता. वाटलं, तो जिवंत असला तरी येणार नाहीच. निदान रडून मोकळे तरी होऊ."

"हे वर्षभर उंबऱ्यावर बसले होते," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "रोज तुझ्यासमोर बसले होते. आपण पोराला मारलं म्हणून. तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"शेवटच्या दिवशी?"

"हो. दोनदा सांगायला गेलो होतो. जमलं नाही. मग वाटलं, आता सांगितलं तर—"

"आता जरा गप्प बस," आई म्हणाली. "तो यायचाय."

आणि तो आला. भुवईवरून अंगठा फिरवला, 'झालं?' म्हणाला, गेला.

त्या दुपारी आई तिथे किती वेळ बसली हे मी मोजलं नाही. दर अकरा मिनिटांनी तो यायचा आणि पाच-सहा सेकंदांनी जायचा. मधल्या वेळात ती इतर माणसांकडे बघायची, अगदी नीट, एकेकाकडे. मला तिने पुन्हा काही विचारलं नाही. लोक यायचे, दोन मिनिटं थांबून कंटाळून जायचे. एक जोडपं हसत आलं आणि आईला बघून आपोआप गप्प झालं. सुर्वेबाईंनी कुठून तरी स्टीलच्या पेल्यात पाणी आणून दिलं. सहा वाजता त्या आल्या आणि कसनुशा तोंडाने म्हणाल्या, "आजी, बंद करायची वेळ झाली."

आई उठली. पदर सारखा केला. "उद्या असतो का तो?" तिने विचारलं.

सुर्वेबाईंना काही माहीत नव्हतं, पण कळलं होतं बहुतेक सगळं. "उद्या सोमवार, आजी. बंद असतं," त्या म्हणाल्या. "मंगळवारी असतो. प्रदर्शन संपेपर्यंत रोज असतो."

बाहेर रस्त्यावर अजून ऊन होतं. आईने काळा चष्मा लावला. टॅक्सी थांबवायला मी हात वर केला, तेव्हा ती म्हणाली, "मग तो कोण होता?"

"कोण?"

"करंगळी नसलेला. एकोणीस वर्षं मी मनूच्या नावाने ज्याला जेवू घातलं तो. त्यालाही कुणी आई असेलच ना."

आणि मी तिथे फुटपाथवर उभा राहिलो. कारण एकोणीस वर्षांत मी भावाचा विचार केला होता, वडिलांचा केला होता, स्वतःचा तर रोज केला होता. त्या माणसाचा एकदाही नाही. तो मला स्वप्नात यायचा, पण त्याला कुणी असेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

मनूदादा आम्हाला सापडला नाही, हे इथेच सांगून टाकतो. ती चित्रफीत काढणाऱ्या बाईचा पत्ता मिळवून मी तिला पत्र लिहिलं. तिने लगेच उत्तर दिलं, सोबत त्याच्या चेहऱ्याचा एक मोठा फोटोही पाठवला. पण तिने कुणाचीच नावं लिहून घेतली नव्हती. मी दोनदा दारूखान्याला गेलो. जहाजं फोडणाऱ्यांच्या त्या वेळच्या टोळ्या कधीच्या पांगल्या होत्या. एका म्हाताऱ्या मुकादमाने फोटो बराच वेळ हातात धरला आणि म्हणाला, "असे इथं लय आले. नावं सगळ्यांची खोटी." जहाजं फोडायचं काम पुढे गुजरातच्या किनाऱ्याला गेलं होतं, तिथेही जाऊन आलो. त्याला परत यायचं असतं तर रस्ता माहीत होता. एवढंच मला म्हणता येतं. आईने त्याचा फोटो भिंतीवरून काढून आपल्या पेटीत ठेवला आणि तिथी पाळणं बंद केलं.

पण दुसऱ्याचा शोध तिने सोडला नाही. सोडू दिलाही नाही. मुंबईहून मिरजेला उतरलो तेव्हा रात्रभर एक शब्द न बोललेली आई रिक्षात बसताना म्हणाली, "आंघोळ कर आणि पोलीस ठाण्यात जा."

ठाण्यातला अधिकारी तरुण होता. त्याने माझं सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुम्हाला आता ह्यातून काय पाहिजे?" मी सांगितलं, सत्त्याऐंशीच्या ऑगस्टात बेपत्ता झालेल्या माणसांची नावं. तो म्हणाला, इतकी जुनी कागदपत्रं राहत नाहीत. तरी शोधतो. मग मी नदीच्या वरच्या अंगाची ठाणी पालथी घातली. सुट्टी काढायची, एसटीने जायचं, बाकावर बसायचं, हेलपाटे घालायचे. संध्याकाळी घरी आलो की आई ताट वाढायची आणि एवढंच विचारायची, "लागलं काही?" दुसरं काही नाही. अडीच महिन्यांनी एका तालुक्याच्या गावी निवृत्तीला आलेल्या एका जमादाराने माळ्यावरून जुनी वही काढून दिली. पानं वाळवीने खाल्लेली. त्यात सापडलं. सोपान बाबू खोत, वय बावीस. म्हैस धुवायला नदीवर गेला तो परत आला नाही. खाली ओळखीची खूण लिहिली होती: डाव्या पायास करंगळी नाही.

तो कागद मी आईला वाचून दाखवला. तिने दोन वेळा वाचायला लावला. "मी येते," म्हणाली.

त्या गावात आदल्या वर्षीच्या महापुराची रेघ अजून घरांच्या भिंतींवर होती, माणसाच्या डोक्याच्याही वर. खोतांचं घर विचारत विचारत आम्ही नदीकडच्या टोकाला गेलो. मुलगा आणि सून शेतात गेले होते. ओसरीवर एक म्हातारी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. हौसाबाई. सोपानची आई. आईपेक्षा दहा वर्षांनी तरी मोठी असेल, पण हात भराभर चालत होते.

"कोण पावणं?" ती म्हणाली. "बसा की. पोरगं येईल इतक्यात."

आई तिच्याजवळ जमिनीवर बसली. माझ्याकडे बघून एकच शब्द म्हणाली, "बोल."

मी उभ्यानेच बोललो. संग्रहालयात आईला सांगितलं तेवढंच, त्याच क्रमाने. पूल, शवागार, हवालदार, पाय. "मला माहीत होतं की तो माझा भाऊ नाही," मी म्हटलं. "तरी मी होय म्हणालो. अग्नी मीच दिला. अस्थी मीच सोडल्या."

हौसाबाईचे हात मध्येच थांबले होते. शेंग अर्धी फुटलेली बोटांत तशीच.

"करंगळी उसाच्या कोयत्यानं गेली हुती," ती म्हणाली. "पाच वर्साचा हुता. मीच नेलं हुतं त्याला तोडीवर."

"आमी आल्तो मिरजंला," ती पुढे म्हणाली. "कुनीतरी सांगितलं, पुलाखाली गावलाय एक. मी, आन् ह्यो थोरला, रातभर चालत आलो. सकाळी हवालदार म्हनला, म्हातारे, त्येचा वारस गावला. घिऊन गेली मानसं कालच. तुजा न्हवं त्यो. मला किती ग्वाड वाटलं सांगू? म्हटलं, माजा न्हवं, म्हंजी माजा हाय कुटंतरी." तिने शेंगेची टरफलं हातावरून झटकली. "आजून दार लावून घेत न्हाई मी."

आईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. हौसाबाईने तो काढला नाही, पण तिकडे बघितलंही नाही. ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ती शिव्या देईल. थोरला आला की मला मारील, आणि मारावंही. मी त्याच तयारीने गेलो होतो.

"लाकडं पुरी हुती का?" तिने विचारलं.

"हो. पुरी होती. तूपही होतं."

"पाऊस?"

"नव्हता. थांबला होता त्या दिवशी."

"रडलं का कुनी?"

"सगळे रडले. पुष्कळ माणसं आली होती. माझी आई, वडील, सगळी गल्ली."

ती मान हलवत राहिली. आई तिच्याशेजारी पदर तोंडाला लावून बसली होती. घराच्या मागेच नदी होती, श्रावणातली, तिचा आवाज तिथवर येत होता.

"आन् नाव?" हौसाबाई म्हणाली. "अग्नी देताना नाव कुनाचं घेतलं?"

"माझ्या भावाचं," मी म्हटलं. "मनोहर."

"म्हंजी त्याला कुनी हाक मारली न्हाई."

तिने सूप बाजूला सारलं, जमिनीला हात टेकून, कण्हत, हळूहळू उभी राहिली. मला वाटलं आत जाईल. ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. माझ्या छातीएवढी होती.

"त्याचं नाव घे," ती म्हणाली.

"सोपान," मी म्हटलं.

"पुरं घे."

"सोपान बाबू खोत."

"मोट्यानं," हौसाबाई म्हणाली. "पान्याच्या आवाजात ऐकू याया नगं का? नदीपातुर जाऊ दे."

मी नदीकडे तोंड केलं आणि ओरडलो.